हिल्मो ड्रायव्हरची कात्री

हिल्मोच्या सीटखाली एक पाना, फडक्यात बांधलेला पाव आणि एक कात्री असायची. पाना समजला, पावही समजला. कात्री कशाला, हे विचारल्याशिवाय मला राहवेना. पहिल्याच दिवशी विचारलं.

"केस कापायला," तो म्हणाला.

त्याच्या स्वतःच्या डोक्यावर केस औषधालाही नव्हता.

मी रोसांदा. प्रियेपोल्येहून याबुकाचा घाट चढून पलीकडे प्ल्येव्ल्याला जाणाऱ्या बसवर मी कंडक्टर होते. बाई कंडक्टर बघून लोक आधी हसायचे, मग माझं तोंड सुटलं की मुकाट्याने सुट्टे पैसे काढायचे. दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय हे कळल्याशिवाय मला घास उतरत नाही, ही माझी जुनी खोड. आई म्हणायची, या पोरीला पोलिसात घाला, पगार तरी मिळेल.

आणि नशिबाने गाठ पडली ती हिल्मोशी. वयाने माझ्या वडलांएवढा, अंगाने आडवा, आणि बोलणं असं की एकेक शब्द जणू त्याच्या खिशातून जातोय. अख्खा घाट चढून जाईपर्यंत "दार लाव" एवढंच बोलणारा माणूस. मी मात्र त्या कात्रीमागे हात धुऊन लागले होते.

उत्तर मला जळक्या ओकाच्या फाट्यावर मिळालं. तिथे घाटाचा रस्ता आणि वरच्या वाड्यांकडे जाणारी वाट एकमेकींना छेदतात. कधीकाळी वीज पडून अर्धा जळलेला ओक अजून उभा आहे. त्या दिवशी सकाळी वळण घेतो न घेतो तोच हिल्मोने करकचून ब्रेक दाबला. रस्त्याच्या मधोमध कणीक मळायची काठवट, आणि काठवटीत तान्हं मूल.

मी किंचाळले. बाकी गाडीत कोणी हूं की चूं केलं नाही. हिल्मोने सीटखालून कात्री काढली, खाली उतरला, बाळाला उचललं, कपाळावरची एक बट हलकेच कापली आणि बाळाच्या डोक्यावर ओठ टेकले. तेवढ्यात इतका वेळ ओकामागे झाडासारखी उभी असलेली माणसं बाहेर आली. "कूम! आमचा कूम आला!" बायका रडतायत, बाप हिल्मोच्या गळ्यात पडतोय, आलुबुखाराची दारू आणि गरम पोळ्या गाडीत फिरतायत. हिल्मो दारू पीत नसे. त्याच्या वाट्याची वुक्सान म्हाताऱ्याने घेतली. हा वुक्सान दर बाजाराला आमच्या गाडीने जायचा, विकायला काही न नेता, नुसतं भांडायला.

"पोरी, असं डोळे फाडून काय बघतेस?" तो मला म्हणाला. "तुमच्या खालच्या गावात पोरं सगळी जगतात वाटतं?"

आमच्या गावात मी हे फक्त ऐकलं होतं. ज्या घरात मुलं जगत नाहीत, ते घर तान्ह्याला चार वाटांवर ठेवतं. जो पहिला येईल तो देवाने पाठवलेला. तो त्या मुलाचा कूम, म्हणजे मानलेला बाप. आपल्या धर्माचा निघाला तर मुलाला बाप्तिस्म्याला उभं करतो, दुसऱ्या धर्माचा निघाला तर जावळाची पहिली बट कापतो. मग ती दोन्ही घरं सख्ख्या भावांपेक्षा जवळची. इतकी की त्यांच्यात सोयरीकही होत नाही. हिल्मो मुसलमान, म्हणून कात्री.

पण माझ्या डोक्यात दुसराच किडा वळवळत होता. देवाने पाठवलेला माणूस दर वेळी आमचीच गाडी घेऊन कसा येतो? थोड्याच दिवसांत मला कळलं. त्या घाटात हिल्मोने ज्या ज्या मुलाचे केस कापले, ते प्रत्येक मूल जगलं होतं. पहिला तो रादोसाव. तो आता मिशीला पीळ देत फौजेत होता. ही गोष्ट वाड्यावाड्यांत झाली, आणि लोक ओकामागे काठवट घेऊन उभे राहायला लागले. खालच्या वळणावर आमच्या इंजिनाचं कण्हणं ऐकू आलं की मग बाळ रस्त्यावर.

"हिल्मोकाका, ही देवाची इच्छा, की आपल्या वेळापत्रकाची?" मी एकदा विचारलं.

"तू तिकिटं फाड."

त्याला आणि नुराकाकूला स्वतःचं मूल नव्हतं. पण बैरामच्या, म्हणजे ईदच्या दिवशी त्यांच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नसायची. घाटातली सगळी ख्रिस्ती कूमघरं पोरांना न्हाऊमाखू घालून बकलावा खायला हजर. आणि त्या घरांच्या स्लावेला, म्हणजे घराण्याच्या संताच्या दिवशी, हिल्मो जायचा. स्लावेचं आमंत्रण कोणी कोणाला देत नाही. आपलं माणूस आपणहून येतं. त्याच्यासाठी डुकराच्या चरबीचा हात न लागलेलं वेगळं भांडं चुलीवर असायचं. एवढ्या घरांचा हा माणूस. पण तुम्हालाच हे नशीब कसं लाभलं, असं विचारलं की मान फिरवून आरशात बघायचा. आरशात मागचा रस्ता सोडून काही नसायचं.

मग ती नोव्हेंबरातली सकाळ आली. अरांजेल संताची स्लावा तोंडावर होती. रात्री पहिलं बर्फ पडलं आणि पहाटे थांबलं. आम्ही चाकांना साखळ्या बांधून निघालो. फाट्याजवळ आलो तर रस्त्यात काठवट, काठवटीत लाल घोंगडीचं गाठोडं, आणि ओकाशी दोन बायका.

"मिलियानाचं आलं वाटतं," मागून कोणीतरी पुटपुटलं.

मिलियाना वरच्या वाडीची. दोन मुलं पुरली होती तिने, दोन्ही दात यायच्या आधी. हे तिसरं. शेजारी तिची सासू येला, हातात पोळ्यांची टोपली.

हिल्मो कात्री घेऊन उतरला. मीही उतरले, मी मागे राहणाऱ्यांतली नाहीच. तो काठवटीपाशी वाकला, आणि तसाच राहिला. बाळाकडे नाही, तो बर्फाकडे बघत होता.

"इथून कोण गेलं?" त्याने विचारलं.

"कोणी नाही," येला म्हणाली. "तुम्हीच पहिले. देवाशप्पथ."

"शप्पथ राहू दे. मग हे गाढव कुणाचं?"

आता मलाही दिसलं. वरच्या वाटेने खुरांचे ठसे येत होते, पुढे माणसाच्या बुटांचे. दोन्ही काठवटीला वळसा न घालता, ती जिथे होती तिथूनच सरळ घाटाच्या रस्त्याने पुढे गेले होते.

"कालचे असतील!" वुक्सान खिडकीतून ओरडला.

"काल बर्फ कुठं होतं, वुक्सान?"

"मग परवाचे!"

कोणी हसलं नाही. रस्त्याकडेच्या झुडपामागे बर्फात काठवटीच्या आकाराचा खळगा होता. लहान मुलालाही कळलं असतं. आणखी एक गोष्ट माझ्या नजरेला खुपली. सगळीकडे माणूस गाढवाच्या पुढे चालला होता. फक्त झुडपासमोर तेवढा तो मागे येऊन गाढवाच्या मानेला खेटून चालला होता. मग पुन्हा पुढे. असं का, ते काही मला उलगडेना.

मिलियाना खाली बघत बोलली. "चेरिम होता. कल्हईवाला. त्याच्या गाढवाची घंटा लांबूनच ऐकू आली. मी पोराला उचललं आणि लपले. इथं आल्यावर घंटा थांबली. मला वाटलं, बघितलं त्यानं. पण गेला तो, तसाच गेला."

चेरिमला कोण ओळखत नव्हतं? स्लावेच्या आधी वाड्यावाड्यांतली तांब्याची भांडी गोळा करायची, कल्हई करून परत द्यायची, हा त्याचा धंदा. जिप्सी माणूस, हिल्मोसारखाच मुसलमान, हात कोळशाने आणि नवसागराने कायमचे काळे. मुक्काम कुठे असं विचारलं तर गाढवाकडे बोट दाखवायचा.

"मग चेरिम कूम झाला," हिल्मोने कात्री फडक्यात गुंडाळायला घेतली.

मिलियानाने त्याचं मनगट धरलं. "नाही काका, असं करू नका. दोघांना मातीत घातलंय मी. त्याला ना घर ना दार, थंडीत गाढवामागे फिरणारा माणूस. त्याचं नशीब माझ्या लेकराला लावू? तुमची सगळी पोरं जगली. एक बट तर कापायची. तुमचं काय जातं?"

खरं सांगते, मला हिल्मोचा राग आला. मनात म्हटलं, काप की मेल्या! कोण बघतंय? बघत तर सगळी गाडी होती, पण गाडीतली बायामाणसंसुद्धा हेच म्हणत होती.

हिल्मोने मनगट सोडवून घेतलं नाही. तो म्हणाला, "रादोसावच्या वेळी मी ड्रायव्हर नव्हतो. सरकारी जंगलातले ओंडके चोरले म्हणून आत होतो. सुटलो आणि पायी घरी निघालो. अंगात उवा, दाढी इथपर्यंत, बुटाला तळ नाही. या ओकाशी आलो तर रस्त्यात पोर. पोराचा बाप तिथं उभा होता, तू उभी आहेस ना, तिथंच. त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. माझ्या मनात आलं, आता हा पोराला उचलणार आणि मला दगड मारणार. त्याच्या जागी मी मारला असता."

इतकी वाक्यं मी त्याच्या तोंडून सबंध वर्षात ऐकली नव्हती.

"त्यानं कात्री पुढं केली. हीच. म्हणाला, ये कूम. त्या दिवशी घरी गेलो तो कुणाचा तरी कूम होऊन गेलो. नुराला सांगितलं, आता मला चोरी करता येणार नाही, माझं नाव एका पोराला लागलंय. ते पोर माझ्या नशिबानं जगलं म्हणता? माझं नशीब त्या पोरानं केलं."

"आणि माझं मेलं तर?" मिलियाना ओरडली. "तेव्हा काय सांगाल मला?"

"काही सांगणार नाही. दारात येऊन तुझ्या शिव्या खाईन. पण आलेल्या माणसाची जागा मी नाही घ्यायचो."

येलाने टोपली आपटली आणि त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या. मिलियानाने मात्र काठवटीतून बाळ उचललं, छातीशी धरलं आणि गाडीत चढून माझ्याच सीटवर बसली. येला शिव्या देतदेतच मागून चढली. हिल्मोने गाडी काढली.

सगळेजण काचा पुसून बाहेर बघत होते. ठसे समोर होतेच. कोणी म्हणे गाढव दमलंय, कोणी म्हणे नाही, चाल लांब पडतेय. वुक्सानला तर जणू ऐन तारुण्यातली शिकार आठवली. "डावीकडे! अरे, डावीकडे बघ! कल्हईवाल्याला कल्हई लावायला निघालोय आपण!"

खिंडीच्या अलीकडच्या वळणावर तो दिसला. हिल्मोने हॉर्न वाजवला. चेरिमने गाढव कडेला घेतलं आणि गाडीला वाट दिली. गाडी पुढे गेली नाही. ती थांबली, आणि दोन्ही दारांतून सगळी माणसं भराभरा उतरून त्याच्याकडे धावली.

चेरिमने आमच्याकडे एकदा पाहिलं. त्याने दोन्ही हात वर केले. मग कोणी काही विचारायच्या आधीच तो गाढवाकडे वळला, पोत्यांची दोरी सोडली आणि एकेक भांडं काढून बर्फावर मांडायला लागला.

"बघून घ्या," तो म्हणाला. "हे मिलोयकोच्या घरचं. हा हंडा कुर्तागिचांचा. सगळं ज्याचं त्याचं आहे. स्लावेआधी परत पोचवायचंय. कुणाचं काही घेतलं नाही मी."

चकचकीत भांडी बर्फात एका ओळीत उभी होती, आणि त्यांत आम्हा सगळ्यांची तोंडं वाकडी दिसत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मिलियाना गर्दीतून पुढे आली. म्हणाली, "चेरिम, मघाशी ओकापाशी मी होते. लपले होते."

"माहीत आहे."

"माहीत आहे?"

"लाल घोंगडीचं टोक बाहेर होतं. मला वाटलं, दुसऱ्या कुणाची तरी वाट बघताय. लोक बघतात. पोर झोपलं असेल म्हणून घंटा मुठीत धरली. माझ्यापायी त्याची झोप कशाला मोडायची?"

मग मला त्या ठशांचं कोडं उलगडलं. आयुष्यात कुठलंही कोडं सुटलं की मी टाळी देते. त्या दिवशी मी बसच्या आड जाऊन डोळे पुसले.

मिलियाना तिथेच बर्फात गुडघ्यांवर बसली. "तू पहिला आलास. हा तुझा. मला माफ कर, आणि याचा कूम हो."

चेरिमने मागे वळून बघितलं, तिथे आणखी कोणी उभं आहे का म्हणून. मग हिल्मोकडे बघितलं. हिल्मोने मान डोलावली. चेरिम खाली बसला आणि बर्फाने हात घासायला लागला. काळं काही निघेना. तो घासतच राहिला. बोटं लाल झाली तरी थांबेना.

"पुरे रे," येला खेकसली. "पोराला केस कापून हवेत, तुझी बोटं नकोत." पण तिचा आवाज फाटला होता.

चेरिमने पोत्यातून पत्रा कापायची कात्री काढली.

"अरे, त्यानं कान जाईल पोराचा!" वुक्सान ओरडला, आणि इतक्या वेळाने सगळे हसले.

हिल्मोने फडकं सोडून आपली कात्री पुढे केली. "ये कूम," तो म्हणाला. दुसरं काही नाही.

चेरिमने बट कापताच पोर जागं झालं आणि असं किंचाळलं की गाढवाने कान टवकारले. "आवाज कंडक्टरबाईवर गेलाय," वुक्सानने माझ्याकडे बघितलं. "हे काही मरत नाही." कुमाने काहीतरी द्यायचं असतं. चेरिमने सगळी भांडी बाजूला सारली, कारण ती लोकांची होती, आणि कमरेला अडकवलेलं आपलं कॉफीचं छोटं भांडं सोडून बाळाच्या दुपट्यात ठेवलं. त्याला आतून बाहेरून नवी कल्हई होती. मुलाचं नाव झिव्को ठेवायचं ठरलं. मूल जगावं म्हणून आमच्याकडे ठेवतात ते.

प्ल्येव्ल्याला पोचलो तेव्हा अर्धा बाजार उठला होता. परतीच्या वाटेवर गाडी रिकामी झाल्यावर मी विचारलं, "काका, जगेल ना हो ते?"

"मला काय विचारतेस? मी ड्रायव्हर आहे."

पण त्या हिवाळ्यात मी एक पाहिलं. घाटात कधी इकडेतिकडे न बघणारा हिल्मो वरच्या वाडीखाली आला की गाडीचा वेग कमी करायचा. तिथून मिलियानाच्या घराची दोरी दिसायची. दोरीवर लंगोट वाळत असले की तो गिअर बदलायचा आणि पुढे निघायचा. मधे बर्फवृष्टीत दोरी बरेच दिवस रिकामी होती. तेव्हा त्याने सीटखालचा पाव उघडलासुद्धा नाही, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा कसली चौकशी करावीशी वाटली नाही. मग एका सकाळी इवलेइवले कपडे फडफडताना दिसले. "दार लाव," हिल्मो म्हणाला. दार लावलेलंच होतं.

पुढच्या वर्षी अरांजेलच्या दिवशी आम्ही फाट्याला आलो तर मिलियाना ओकाखाली उभी, सणाचे कपडे आणि शाल लेऊन नटलेली. कडेवर झिव्को, गाल सफरचंदासारखे, तोंडात दात. हिल्मोने गाडी थांबवली. मी दार उघडलं.

"चढतेस का?"

"नाही गं," ती म्हणाली. "गाडीसाठी नाही थांबले. आज आमची स्लावा. कूम येतोय."

वरच्या वाटेने घंटेचा आवाज येत होता. आता घंटा कोणी मुठीत धरलेली नव्हती; ती खणखण वाजत उतरत होती, आणि झिव्को आईच्या कडेवरून तिकडे झेपावत होता. मागून वुक्सानने बाजाराला उशीर होतोय म्हणून कुरकुर सुरू केली. हिल्मोने इंजिन बंद केलं, गाडी जिथे होती तिथेच उभी ठेवली आणि आधी गाढवाला जाऊ दिलं.